नदीकडच्या गेटचं कुलूप

लाईट गेली की माणसं मोबाईलचा टॉर्च लावतात. मी आधी दाराकडे बघते. ते उघडं आहे ना, एवढंच बघते आणि मग टॉर्च शोधते. ही सवय मला सिल्वासाच्या एका मैदानाने लावली. त्या मैदानावरची ती संध्याकाळ आठवायला मला निमित्त लागत नाही. कुठेही दिवे गेले की ती समोर येऊन उभी राहते.

मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते. पुढे घरच्या कारणाने सेवा लवकर सोडली, त्यामुळे निवृत्त अधिकारी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर येतात तसे पांढरे केस माझ्याकडे नाहीत. या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावांत राहतात, त्याच कारखान्यांत जातात.

राखोलीच्या रस्त्याला, दमणगंगेच्या काठावर ते मैदान आहे. त्याचा इतिहास मला तुकड्या-तुकड्यांनी कळला, कारण तपासात तो प्रत्येकाने आपापल्या बाजूने सांगितला. आधी ते पाड्यांचं सामाईक खळं होतं. भात झोडून झालं की तिथे तारपा वाजायचा. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांब, तोंडाने फुंकायचं वाद्य. तो वाजवणारा मध्ये आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती गोल. आसपासच्या पाड्यांवरची माणसं नदीकाठच्या वाटेने चालत यायची. पुढे कारखाने आले, शेडसाठी आणि रस्त्यांसाठी तिथला दगड-मुरूम खणून गेला आणि उताराला आपोआप पायऱ्यांसारखा आकार आला. कामाला आलेल्या खानदेशातल्या आणि उत्तरेकडच्या माणसांनी त्या उतारावर बसून गणपतीतले ऑर्केस्ट्रा ऐकले, नवरात्रीतला गरबा पाहिला. मग पक्कं स्टेज झालं, उतारावर सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, सगळीकडून भिंत झाली. मुंबईचे गायक यायला लागले. मोठा कार्यक्रम असला की वापीच्या बाजूने गाड्यांची रांग लागायची.

भिंत बांधताना पाड्यांवरच्या लोकांनी एकच मागणी केली होती. नदीकडची वाट बंद करू नका. म्हणून त्या बाजूला एक लोखंडी गेट ठेवलं गेलं आणि त्याच्यावर राखणदार म्हणून पाड्यावरचाच एक वारली माणूस नेमला. त्याचा चुलता त्या भागातला सर्वांत जुना तारपावाला. आयोजकांच्या नकाशावर त्या गेटला चार नंबर होता. गावात त्याला नंबराने कोणी ओळखत नव्हतं. सगळे त्याला नदीचं गेट म्हणायचे.

मी त्या मैदानावर कितीतरी कार्यक्रमांना गेले, पण एकही पाहिला नाही. बंदोबस्तावरचा पोलीस स्टेजकडे पाठ करून उभा राहतो. त्याने गर्दी बघायची असते. त्यामुळे तिथे कोण काय गायलं ते मला सांगता येणार नाही. लोकांचे चेहरे मात्र सांगता येतील. मला फारसं बोलता येत नाही, ठाण्यात त्यावरून माझी थट्टाही व्हायची. पण बंदोबस्ताला बोलायचं नसतं, बघायचं असतं, आणि ते काम मला मनापासून आवडायचं.

त्या दिवशी एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी हवालदार काकांबरोबर एक फेरी मारली. हवालदार काका मूळचे नंदुरबारचे, नोकरीचा बहुतेक काळ इथेच काढलेले. नदीच्या गेटपाशी आलो तेव्हा गेट सताड उघडं होतं. राखणदार तिथेच दगडावर बसला होता. त्याच्या जोडीला आयोजकांच्या सिक्युरिटी एजन्सीचा एक माणूस उभा होता. काळा टी-शर्ट, छातीवर एजन्सीचं चिन्ह. एक बाई लहान मुलाला घेऊन बाहेर निघाली होती, त्याने तिला थांबवलं आणि तिची पिशवी उघडून पाहिली. मला ते थोडं विचित्र वाटलं. बाहेर जाणाऱ्याची पिशवी कोण तपासतं? पण तेवढ्यात वायरलेसवर बोलावणं आलं आणि मी स्टेजकडे गेले.

सुरुवातीला तारप्याचा नाच झाला. तो संपल्यावर राखणदार आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला हात धरून नदीच्या वाटेने खाली सोडायला गेला. मुख्य गायक स्टेजवर आला, लोक उभे राहिले, आणि दुसऱ्या की तिसऱ्या गाण्याला सगळे दिवे एकदम गेले. जनरेटर बंद पडला होता. आवाजही बंद. नुकती दिवेलागण झाली होती, आकाशात थोडा उजेड होता, पण खोलगट मैदानात काळोख लवकर साचतो.

सुरुवातीला कोणी घाबरलं नाही. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. मग स्टेजच्या मागे कसला तरी जळका वास आला आणि कोणीतरी आग लागल्याचं ओरडलं. माझ्यासमोरचे सगळे चेहरे एकाच वेळी वळले. समोरच्या मोठ्या गेटकडे नाही, डावीकडे नदीकडे. तिथल्या माणसांच्या पायांना ती वाट माहीत होती. आधी ते तिथूनच यायचे-जायचे.

गेट बंद होतं. साखळी घातलेली, कुलूप लागलेलं.

पुढच्यांना थांबता येईना, मागच्यांना ते दिसेना. मी आणि आमचे शिपाई मागून माणसं बाजूला काढत, मोठ्या गेटकडे वळवत पुढे सरकत होतो. राखणदार बाहेरच्या बाजूने धावत आला. कुलपाशी बसून तो चावी घालत होता आणि चावी आत जात नव्हती. शेवटी कारखान्यातल्या चार तरुणांनी लोखंडी कांब घालून साखळीची कडी तोडली आणि गर्दी बाहेर पडली. कोणाचा जीव गेला नाही. पण धुळ्याकडची एक कामगार बाई खाली पडून तुडवली गेली. तिच्या मांडीचं हाड मोडलं, बरगड्यांना मार लागला. आणखी काही जण जखमी झाले.

गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. सकाळी मी पंचांसमक्ष जागेचा पंचनामा केला, कुलूप आणि तुटलेली साखळी जप्त करून सीलबंद केली. दुपारी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला आणि माझ्याकडे दिला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. हिंदीत एवढंच म्हणाला की चार नंबर गेटवाला दुपारपासून ताडी पिऊन टाईट होता, त्यानेच ताला मारला आणि निघून गेला, लिहून घ्या. फोन बंद.

राखणदाराने ताडी घेतली होती हे खरं होतं. नाचाआधी सगळ्याच मंडळींनी थोडी घेतली होती, त्याने ते लपवलंही नाही. आमचे मोठे साहेब गुजराती. अनुभवी माणूस, मनाने वाईट नाही, पण त्यांच्यावर वरून दबाव होता. त्यांनी सरळ हिशेब मांडला.

"चावी उसके पास, ताला उसका, दारू उसने पी. और शुं जोईए, बेन?"

आणखी काही त्यांना नकोच होतं. पुढच्या सोमवारपर्यंत राखणदाराची अटक दाखवा, असं त्यांनी सांगितलं. तिकडे आयोजकांनी मैदानाच्या व्यवस्थापनाकडे मागणी केली की नदीकडचं गेट कायमचं काढून तिथे भिंत सलग करावी. धोका त्या गेटमुळेच आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्या माणसाला अटक झाली की त्याच्यासोबत ती वाटही जाणार होती. पाड्यावरच्या लोकांना हे आमच्या आधी कळलं होतं. ते ठाण्याच्या कुंपणाबाहेर येऊन बसायचे. घोषणा नाहीत, गोंधळ नाही. फक्त बसायचे, आणि संध्याकाळी उठून जायचे.

मी राखणदाराला चौकशीला बोलावलं. तो खुर्चीवर बसेना. शेवटी मीही उभी राहिले तेव्हा तो बसला. मी विचारलं, तुम्ही जाताना गेट बंद केलं होतं का?

"उघडा सोडून गेलू व्हतू, बाय," तो म्हणाला. "ती आमचे तारप्याची वाट हाय. ती मी कसा बंद करीन?"

मग चावी का लागली नाही, असं विचारल्यावर त्याने आपले तळहात उघडून दाखवले. "ठावा नाय," म्हणाला. "रोज लागतं." त्याच्या चुलत्याचाही जबाब घेतला. तो म्हणाला की आम्ही बाहेर पडलो तेव्हा गेट उघडं होतं. पण तो घरचा माणूस. साहेबांनी तो जबाब वाचून बाजूला ठेवला.

मी हवालदार काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "मॅडम, खोटं बोलणारा चावीचं काहीतरी कारण सांगतो. याला एकही कारण सुचत नाही." माझंही तेच म्हणणं होतं. पण असल्या म्हणण्यावर कोर्ट चालत नाही.

दुसरी गोष्ट त्या फोनची. गावातला माणूस कधीच चार नंबर गेट म्हणणार नाही. तो आकडा आयोजकांच्या नकाशावर आणि त्यांच्या एजन्सीच्या तोंडात होता. म्हणजे खबर देणारा आतला होता आणि त्याला राखणदार अडकायला हवा होता. मी एजन्सीच्या सुपरवायझरला बोलावून विचारलं की नदीच्या गेटवर तुमचा कोण होता. तो फटकन म्हणाला, तिथे आमचा कोणीच नव्हता, ते गेट लोकल माणूस बघायचा. मी ते त्याच्या सहीनिशी लिहून घेतलं. मी स्वतः तिथे एक काळा टी-शर्ट पाहिला होता.

कुलपाचा प्रश्न आधी सोडवायचा होता. जप्त केलेलं कुलूप सीलबंद होतं, त्याला हात लावता येत नव्हता. मी सिल्वासाच्या बाजारातून तसंच कुलूप आणलं. ते उघडं करून साहेबांच्या केबिनमधल्या कपाटाच्या कडीत अडकवून ठेवलं, आणि राखणदाराची रोजची पद्धत सांगितली. गेट उघडलं की तो उघडं कुलूप साखळीतच लटकवतो, चावी कंबरेला. साहेब ऐकता ऐकता उठले आणि सहज म्हणून त्यांनी कुलूप बोटांनी दाबलं. खट्‌ असा आवाज झाला.

"चावी माझ्याकडे आहे, सर," मी म्हणाले. "तुमच्याकडे नव्हती."

साहेबांची टोपी त्याच कपाटात होती आणि त्यांना मीटिंगला निघायचं होतं. "खोलो, बेन, खोलो," असं म्हणत ते हसले, पण खुर्चीत बसल्यावर त्यांनी सोमवारचा विषय काढला नाही. हे कुलूप कोणीही लावू शकतं, एवढं आता ठरलं होतं. कोणी आणि का, हे बाकी होतं. मुद्दाम लावलं असेल तर कशासाठी? गर्दीत माणसं चेंगरावीत असं कोणाला वाटत होतं? मला असा एकही माणूस दिसत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये त्या जखमी बाईचा जबाब घ्यायला गेले. तिच्या पायाला वजन लावलं होतं. तिच्या बहिणीने मला स्टूल दिलं. बाई खडोलीच्या एका यार्न कारखान्यात पॅकिंगला होती, आपल्या लाईनच्या बायकांबरोबर कार्यक्रमाला आली होती. तिला काळा टी-शर्टवाला आठवत नव्हता, फक्त गेटपलीकडचा राखणदार आठवत होता.

"त्याले पकडेल शे म्हने," ती अहिराणीत म्हणाली. "तो रडत व्हता, मॅडम. मना तोंडाकडे पाहीसन रडत व्हता, आन हात कुलपावर."

हे लिहून घेताना माझ्या मनात एकच गोष्ट आली, की ही बाई उद्या कोर्टातही असंच सांगेल. ती कोणाची नातेवाईक नव्हती. तिच्याबरोबरच्या बायकांचेही जबाब हवे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार काका खडोलीला गेलो.

आम्ही पोहोचलो तेव्हा पहिली पाळी सुटायची वेळ होती. कारखान्याच्या गेटवर गार्ड उभा होता. बाहेर पडणारा प्रत्येक कामगार त्याच्यासमोर थांबत होता, डबा उघडून दाखवत होता, पिशवी उलटी करत होता. ऑफिसमधला मॅनेजर पुण्याकडचा, तो म्हणाला की इथून सूत गुंडाळलेले कोन, तांब्याचे तुकडे पिशवीतून जातात, त्यामुळे बाहेर जाताना तपासणी कडक असते. आत येताना कोणी काही बघत नाही.

मी तिथेच थांबले. बाहेर जाणाऱ्याची पिशवी.

आणि त्याच वेळी लाईट गेली. औद्योगिक वसाहतीत ते रोजचंच. मशीनचा आवाज थांबला, एक क्षण सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मी त्या गार्डकडे बघत होते. त्याने कोणाला काही विचारलं नाही, कोणी त्याला सांगितलं नाही. त्याने लोखंडी गेट ओढून घेतलं, साखळी फिरवली आणि कुलूप दाबलं. पाळी सुटलेली माणसं आतच अडकली आणि त्यांनाही त्यात काही नवल वाटलं नाही. ती तिथेच उकिडवी बसली. कोणी तंबाखू मळायला लागलं. जनरेटर सुरू झाला, दिवे आले, गार्डने खिशातून चावी काढली आणि गेट पुन्हा उघडलं.

मी त्याच्याकडे जाऊन विचारलं की गेट का लावलंत. त्याला प्रश्नच समजला नाही. मग म्हणाला, लाईट गेली की अंधारात माल बाहेर जातो ना, मॅडम. पहिला दिवस असतो नोकरीचा, तेव्हाच सांगतात.

मी त्याला आणखी एक विचारलं. सुट्टीच्या दिवशी तुमच्यातलं कोणी कार्यक्रमांच्या ड्युटीला जातं का? तो म्हणाला, सगळेच जातात. एजन्सी एकच आहे. इथला गणवेश काढायचा आणि त्यांचा काळा टी-शर्ट घालायचा.

गाडीत बसल्यावर हवालदार काका म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मी हे गेट लागताना बघतोय. मला तर ते दिसतच नव्हतं." मीही याच भागात वाढले होते. माझे वडील अशाच एका कारखान्यात इंजिनीयर. आमच्या कॉलनीचा वॉचमनही लाईट गेली की हेच करायचा.

एजन्सीला पुन्हा बोलावलं नाही. आधी कारखान्याकारखान्यांत जाऊन विचारलं की त्या रविवारी मैदानावर कोण कोण गेलं होतं, आणि मी पाहिलेला चेहरा शोधला. तो खडोलीच्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर सापडला. साक्रीकडचा, चाळिशीतला, इस्त्रीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट. मी त्याला ठाण्यात बोलावलं तेव्हा तो कडक सॅल्यूट ठोकून उभा राहिला.

माझ्या चौकशीची पद्धत ठाण्यात सगळ्यांना माहीत होती. मी एक प्रश्न विचारते आणि गप्प बसते. हवालदार काका म्हणायचे की तुम्ही गप्प बसलात की मलाच काहीतरी कबूल करावंसं वाटतं. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या कामाबद्दल विचारलं. तो मोकळेपणाने बोलला. त्याच्या गेटवरून कधी एक कोनही चोरीला गेला नव्हता, आणि त्याला याचा अभिमान होता. साहेब लोक त्याचं नाव घेतात असं त्याने सांगितलं. मी विचारलं, लाईट गेल्यावर काय करता?

"लाईट गई का पहिले गेट लाई देवानं," तो म्हणाला. "आम्हाले तेच शिकाडेल शे."

हे बोलून झालं आणि तो थांबला. टेबलावर माझं बाजारातलं कुलूप होतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, पण कपाचा कान सोडला नाही. बाहेर कुंपणापाशी पाड्यावरचे लोक बसले होते. खिडकीतून ते दिसत होते, आणि तो आता त्यांच्याकडे बघत होता.

"मना हात आपोआप गया, मॅडम."

पुढचं सगळं त्याने एका दमात सांगितलं. दिवे गेले, त्याने गेट ओढलं, साखळी घातली, तिथे लटकत असलेलं कुलूप दाबलं. आपण चोख काम केलं असंच त्याला वाटलं. मग गर्दी आली. लोक गेट उघड म्हणून ओरडायला लागले. त्याने सवयीने खिशात हात घातला.

"खिसामा कारखानानी चावी व्हती. तीच लाई दखी."

कारखान्याची चावी मैदानाच्या कुलपाला लागणार कशी? त्याने घाबरून जोर लावला, चावीचं टोक आत मोडलं. मग तो गर्दीच्या कडेने भिंतीवर चढून पलीकडे उतरला आणि पळाला. सुपरवायझरला त्याने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. सुपरवायझरने त्याला उत्तर दिलं की तू तिथे नव्हतास, एवढं लक्षात ठेव.

राखणदाराची चावी का गेली नाही, त्याचं कारण आता माझ्यासमोर होतं. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, त्याला आधार लागतो. त्याने खिशातला चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. त्यात एक चावी टोकाला मोडलेली होती. तो जुडगा पंचांसमक्ष जप्त केला. कोर्टाची परवानगी घेऊन मुद्देमालातल्या कुलपाचं सील पंचांसमोर उघडलं आणि कुलूपवाल्याकडून ते कापून घेतलं. आतून चावीचा तुकडा निघाला. मी तो चिमट्याने उचलून मोडक्या चावीला लावला. दोन्ही कडा जुळल्या. माझ्या नोकरीत मी त्या क्षणाइतकी खूश क्वचितच झाले असेन. साहेबांनी चष्मा लावून तो तुकडा बघितला, आणि माझ्याकडे न बघता ठाणे अंमलदाराला म्हणाले की बाहेर बसलेल्या लोकांसाठी पाण्याचा जार पाठवा.

फोन कुठून आला होता तेही निघालं. सुपरवायझरचा होता. नदीच्या गेटवर आमचा कोणीच नव्हता, हे त्याचं वाक्य आधीच माझ्याकडे त्याच्या सहीनिशी होतं.

त्या गार्डचं काय करायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कुलूप त्याच्या हाताने लागलं होतं, आणि दुसरा माणूस अडकत असताना तो गप्प बसला होता, हे दोन्ही खरं. पण मला वाटत होतं की त्याला शिकवलेलं एकच काम त्याने चुकीच्या जागी केलं, आणि त्याला त्या जागी उभं करणाऱ्यांनी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. कारखान्याच्या गेटला माल आत ठेवायचा असतो. मैदानाच्या गेटला माणसं बाहेर काढायची असतात. हा फरक ज्यांनी सांगायला हवा होता, त्यांनी फक्त टी-शर्ट बदलला. साहेबांनी माझं ऐकलं. गार्डचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून त्याला साक्षीदार केलं. चार्जशीट एजन्सीचा मालक, सुपरवायझर आणि आयोजकांचा मैदानप्रमुख यांच्यावर गेलं. राखणदाराचं नाव त्यात साक्षीदारांत आलं.

त्याला हे सांगायला मी स्वतः कुंपणापाशी गेले. मला भाषण करता येत नाही. मी एवढंच म्हणाले की दादा, तुम्ही घरी जा, तुमच्यावर काही नाही. तो उठला, त्याने आधी चुलत्याला हात देऊन उठवलं, मग मला विचारलं, "आन गेट?"

मला वाटलं होतं तो स्वतःबद्दल विचारेल.

गेटबद्दल मी व्यवस्थापनाला एक अहवाल दिला. त्यात लिहिलं की त्या संध्याकाळी शेकडो माणसं जी वाट शोधत होती ती तीच होती, आणि भिंत सलग केली तर पुढच्या वेळी ती भिंतीवर जाऊन आदळतील. माझ्या नोकरीतली सगळी चार्जशीटं एका बाजूला आणि ते एक पान दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर मी ते पान निवडेन. ते मान्य झालं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे प्रत्येक तपासात वापरली. गुन्हा घडला की आपण वाईट हेतू शोधतो. तो सापडला नाही की जो समोर उभा आहे, ज्याच्यासाठी कोणी वकील येणार नाही, त्याच्यावर तो चिकटवतो. पण कितीतरी वेळा हेतू नसतोच, सवय असते. माणसाचं काम त्याच्या हातात शिरलेलं असतं, आणि त्याच्याही नकळत तो ते काम भलत्या ठिकाणी करतो. म्हणून मी संशयिताला आधी विचारायचे की तुम्ही दिवसभर काय करता. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असायचं.

सेवा सोडल्यानंतर एकदा मी त्या मैदानावर प्रेक्षक म्हणून गेले. तिकीट काढून, आईला घेऊन. पायऱ्यांवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी स्टेजकडे पाठ करून बसले आहे आणि लोकांचे चेहरे बघते आहे. आईने खांद्याला धरून मला सरळ केलं. कार्यक्रम तारप्याने सुरू झाला. मी पहिल्यांदाच तो समोरून पाहिला. म्हातारा तारपावाला आता नव्हता, त्याच्या जागी दुसरा कोणीतरी वाजवत होता, आणि नाचणाऱ्यांची ओळ त्याच्याभोवती गोल फिरत होती.

नाच संपला आणि ती मंडळी नदीकडे निघाली. मी मान वळवून पाहिलं. राखणदार तिथे दगडावर बसला होता. मला बघून त्याने हात वर केला. त्याच्या मागे भिंतीत रुंद मोकळी जागा होती आणि तिच्यातून नदीकडची वाट खाली उतरताना दिसत होती. गेटच्या बिजागऱ्या अजून भिंतीत होत्या. गेट काढून टाकलं होतं. कुलूप लावायला तिथे आता काहीच नव्हतं.